वेठीचा मासिक पास



लोकलला 'मुंबईची जीवनरेषा' असं नाव देणारा माणूस बहुधा साडेअकराच्या रिकाम्या गाडीने कामाला जात असावा. पेपरवाल्यांनी ते नाव उचललं, मंत्र्यांनी उचललं, शाळेच्या निबंधाच्या वहीत गेलं. आता कुणी विचारतसुद्धा नाही की ही रेषा कुणाच्या तळहातावरची, आणि ती तुटते कुठे.

मी सांगतो कुठे तुटते. २०२३ या एका सालात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसं मेली. दारातून पडून, रूळ ओलांडताना, खांबावर आपटून. हा आकडा मी खोपटात बसून जुळवलेला नाही. २०२४ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढच्या जनहित याचिकेत तो मांडला गेला. ३६५ ने भागा. दिवसाला सात. गोदीत एका पाळीत सात माणसं मेली तर विंच थांबेल, पंचनामा होईल, युनियनचे झेंडे गेटावर येतील. रुळावर रोज सात मरतात आणि लाउडस्पीकरमधली बाई म्हणते, गाडी उशिराने धावत आहे, आपल्या असुविधेबद्दल खेद आहे. आपल्यातला एक मेला, तर तो उरलेल्यांची असुविधा!

त्या सुनावणीत न्यायालयच म्हणालं की प्रवाशांना गुरांसारखं, किंबहुना गुरांहून वाईट नेलं जातंय, याची लाज वाटते. पेपरात मोठा मथळा आला. मला हसू आलं. कारण गुरांची बाजू खरोखरच आपल्यापेक्षा बरी आहे. या देशात १९७८ चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम आहेत. ब्रॉडगेजच्या साध्या वाघिणीत मोठी गुरं दहाच्या वर भरायची नाहीत. वासरं असतील तर पंधरा. छापील नियम आहे, मोडला तर गुन्हा आहे. आणि माणसांसाठी? माणसांसाठी रेल्वेच्या इंजिनिअर लोकांनी एक शब्द तयार केलाय : सुपर डेन्स क्रश लोड. एक चौरस मीटर जागा, म्हणजे आपल्या घरातल्या मोरीएवढी, आणि तीत चौदा ते सोळा माणसं उभी. गुराच्या वाट्याला नियम आला, आपल्या वाट्याला नुसतं नाव. नियम मोडणाऱ्याला धरता येतं. नाव ठेवणाऱ्याला कुठल्या कलमाखाली धरणार?

आता माझा हिशोब मांडतो. मॅट्रिकला गणितात काठावर सुटलो, पण हा हिशोब पाढे येणाऱ्या कुणालाही जमेल.

मी गोदीत मजूर. कायमचा नाही, कंत्राटातला. राहायला कल्याणच्या पुढे, वालधुनीच्या काठी. नुसतं कल्याणच व्हीटीपासून चोपन्न किलोमीटर. आमची वस्ती त्याच्याही पल्याड. पहाटे घर सोडायचं, फास्ट धरायची, भायखळ्याला ती सोडून स्लो धरायची, सँडहर्स्ट रोडला उतरून गोदीच्या गेटापर्यंत पायी. जायला दोन तास, यायला दोन तास, तेही सगळं सुरळीत असेल तर. दिवसाचे चार. महिन्याच्या सव्वीस पाळ्यांचे एकशेचार. वर्षाचे बाराशे अठ्ठेचाळीस. आठ तासांची एक पाळी धरली तर वर्षाला १५६ पाळ्या मी डब्यात उभा राहून भरतो. त्यांची हजेरी कुणी घेत नाही. मस्टरवर सही नाही, मजुरी नाही. उलट त्या भरायचा पास मीच खिशातून काढायचा. पाठीचा कणा टिकला आणि अशी तीस वर्षं निघाली, तर रात्रंदिवस धरून सव्वाचार वर्षं मी एका हाताने वरची कडी धरून काढलेली असतील. खुनाच्या आरोपीलासुद्धा कोठडीत बसायला मिळतं.

आणि गाडी रखडली तर? मुकादम सातला टोळी मोजतो. सात वाजून दहाला पोचलेल्याला तो काय झालं म्हणून विचारत नाही. 'उद्या ये' म्हणतो, बस्स. पॉइंट कुठे फेल झाला, सिग्नल कुठे गेला, वायर कुठे तुटली, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खाडा माझा. सगळ्या साखळीत चूक कुणाचीही असो, दंड एकच माणूस भरतो, आणि तो नेमका साखळीच्या शेवटाला लोंबकळत असतो.

याला आपल्याकडे जुना शब्द आहे. आजीच्या तोंडून ऐकला असेल. वेठ.

गावात वतनदार महाराचं काम काय होतं, आठवा. पाटलाचा निरोप घेऊन चार कोस पळायचं. साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा. कुणाच्या मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात, पुरापाण्यात जायचं. कामाला तासांची मर्यादा नाही. बाप घरी नसला तर पोराने जायचं, पोरगा नसला तर म्हातारीने. बदल्यात काय? शिळी भाकर आणि तुकडाभर जमीन, जिच्यावर मालकी दाखवायची नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते याच्याचसाठी. ही चाकरी नाही, ही गुलामी आहे, तिला तासांची आणि मोबदल्याची चौकट पाहिजे, नाहीतर माणसाला मोकळं करा, हे त्यांचं म्हणणं. ती वतनं शेवटी रद्द झाली १९५८ च्या कायद्याने. कागदावर वेठ संपली.

कुणी म्हणेल, कवी आहे, उपमा देतोय. उपमा द्यायला मला सवड नाही. मी वेठीची तीन लक्षणं सांगतो, तुम्ही ती तुमच्या रोजच्या गाडीला लावून बघा. पहिलं : काम दुसऱ्याचं, वेळ तुझा, मोबदला शून्य. दुसरं : नाही म्हणायची सोय नाही. तिसरं : तू कुठे राहायचं ते तू ठरवत नाहीस.

पहिली दोन तुम्हाला पटली असणार. तिसऱ्यावर हे पांढरपेशे लोक लगेच उसळतात. म्हणतात, तुम्हाला कुणी सांगितलं एवढ्या लांब राहायला?

कुणी सांगितलं ते ऐका. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. हा कामगार परळ, लालबाग, नायगाव, वरळी, डिलाईल रोडला राहायचा. भोंगा झाला की जिना उतरायचा आणि दहा मिनिटांत खात्यात असायचा. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन गरम भाकरी खायचा. संप मोडला, गिरण्या बंद पडल्या, आणि गिरण्यांखालची सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी झाली. कुणासाठी मोकळी? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनीच्या विकासाचे नियम मान्य केले आणि चिमण्यांच्या जागी टॉवर आले, मॉल आले, काचेची ऑफिसं आली. त्या ऑफिसांत झाडू मारायला माणूस लागतोच. गेटावर वॉचमन लागतो, लिफ्टपाशी लिफ्टमन लागतो. तो माणूस आता कुठनं येतो? डोंबिवलीहून, नालासोपाऱ्याहून, टिटवाळ्याहून. बापाने ज्या गल्लीत जन्म काढला त्याच गल्लीत पोरगा दोन तास प्रवास करून झाडू मारायला येतो.

आणि राहिलेल्या गिरणी कामगारांना सरकार घरं कुठे दाखवतं? शेलू आणि वांगणी. बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानावर म्हातारे गिरणी कामगार आणि त्यांची पोरं पावसात उभी राहिली आणि म्हणाली, ही घरं नकोत, मुंबईत द्या. लगेच काही शहाणे म्हणाले, फुकट्यांना चॉइस पाहिजे. च्यायला, ज्याने ही मुंबई सुतासुताने विणली तो फुकट्या, आणि ज्याने जमीन विकून खाल्ली तो विकासक!

गावात वेस दगडाची होती, दिसायची. शहरातली वेस स्क्वेअर फुटाच्या भावात लपवलेली आहे. पण काम तेच करते. ज्यांच्या हाताशिवाय गाव चालत नाही त्यांना गावाबाहेर ठेवायचं, कामापुरतं आत घ्यायचं आणि दिवस मावळला की परत पाठवायचं. पूर्वी वेशीत येसकर उभा असायचा. आता इंडिकेटर उभा असतो.

आणखी एक गंमत बघा. रुळाच्या कडेला झोपड्या होत्या. त्यांच्यामुळे गाड्यांना वेग घेता येत नाही म्हणून २००२ नंतर मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात हजारो कुटुंबं उठवली. नेऊन टाकली मानखुर्दला, वाशी नाक्याला, एकमेकांच्या खिडकीत वाकून बघणाऱ्या सात मजली इमारतींत. त्यातली कित्येक माणसं आधी कामावर चालत जायची. धुणंभांडी करणाऱ्या बायका दोन गल्ल्या ओलांडून मालकिणीच्या दारात पोचायच्या. त्यांना उचलून लांब टाकलं, गाडीने यायला लावलं, आणि मग म्हणाले, गाडीत गर्दी फार झाली हो!

अण्णाभाऊ साठे वाटेगावहून चालत मुंबईला आले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. आज त्यांच्या नातवंडांच्या वयाची आपली पोरं पास काढून गाडीच्या बाहेर लटकतात. प्रगती झाली नाय असं कोण म्हणेल?

आता त्या जुन्या थापेकडे येतो. 'लोकलमध्ये जात नसते. गर्दीत सगळे सारखे. ब्राह्मणाचा घाम महाराच्या घामात मिसळतो.' शंभर वर्षं हे ऐकतोय. आगगाडीने सोवळं मोडलं, हे खरं. पण ते गाडीने मोडलं, गाडीत बसणाऱ्यांनी नव्हे. त्यांच्यापुढे इलाज नव्हता. आज इलाज सापडलाय. म्हणून विचारतो, पहाटे चारची पहिली गाडी कधी बघितलीत? त्या गाडीत कोण असतं? रस्ते झाडणारे, गटारात उतरणारे, हॉस्पिटलातले आया-वॉर्डबॉय, रात्रपाळीला जाणारे नाही तर रात्रपाळी सोडून आलेले वॉचमन, माशांच्या पाट्या, भाजीचे गठ्ठे, आणि आम्ही गोदीवाले. त्या डब्यात आडनावं विचारून बघा. मग नवाच्या गाडीत विचारा. मग फर्स्ट क्लासात. जात गाडीत नसते हे कबूल. ती टाइमटेबलात असते.

आणि सहा डिसेंबरला दादरला उतरून बघा. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस गर्दीला 'स्पिरिट' म्हणणारे त्या एका दिवशी नाकाला रुमाल लावतात. 'आज काय गर्दी आहे बाई, फुकटे आलेत.' म्हणजे ऑफिसला जाणारी गर्दी असली तर मुंबईचा जिवंतपणा, आणि आपल्या बापाला वंदन करायला आलेली असली तर घाण. इतकी साधी कसोटी आहे. गर्दी तीच, रूळ तेच, घाम तोच. फरक कुठे पडला ते त्यांनाच विचारा.

साहित्यिकांचं तर विचारूच नका. यांच्या लोकलला नेहमी खिडकी असते. खिडकीत पाऊस असतो. समोर गजरा माळलेली कुणीतरी असते. भाजी निवडणाऱ्या बाईचा फोटो काढतात आणि खाली लिहितात, जिद्द. अरे, ती बाई कामावरची पाळी भरून आलीय, घरी गेल्यावर चुलीपुढची पाळी आहे, आणि मधल्या दीड तासात मेथीची जुडी मांडीवर घेऊन तिसरी पाळी भरतेय. तिला जिद्द नको आहे. तिला झोप पाहिजे.

२०२० ने ही सगळी थाप उघडी पाडली. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. जूनच्या पंधरा तारखेला सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. बाकीच्यांना ठरावीक वेळेत का होईना, आत घेतलं ते २०२१ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात काय दिसलं? कॉम्प्युटरवाले घरून काम करू लागले. त्यांचे प्रवासाचे तास वाचले आणि पगार तोच राहिला. म्हणजे त्यांचा प्रवास इतकी वर्षं गरजेचा नव्हता, सवयीचा होता. आपला मात्र लसीच्या आधीही गरजेचाच होता. झाडूवाल्याला घरून झाडू मारता येत नाही. हमालाला घरून गोणी उचलता येत नाही. शहराला कुणाचं शरीर लागतं आणि कुणाचं नुसतं डोकं, त्याची यादीच त्या साली सरकारी शिक्क्यानिशी निघाली.

आता मरणाबद्दल, सरळ बोलतो. ९ जून २०२५. सकाळची वेळ. दिवा आणि मुंब्रा यांच्यामधलं वळण. समोरासमोरच्या दोन लोकल एकमेकींना ओलांडत होत्या आणि दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली होती. ती एकमेकांना घासली आणि रुळावर पडली. चार जण त्याच दिवशी गेले. कामाला निघालेले होते. मग टीव्हीवर विद्वान बसले. प्रश्न काय, तर लोक दारात का लटकतात?

लोक दारात लटकतात कारण आत सोळा माणसांच्या मोरीत सतरावा मावत नाही, आणि सात वाजता मुकादम मोजणी करतो. एवढं साधं आहे. पण रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात कलम १५६ आहे, पायदानावर उभं राहून प्रवास करणं हा गुन्हा. रूळ ओलांडणं हा कलम १४७ खाली गुन्हा. गाडीतून पडून मेला तर घरच्यांना आठ लाख, तेही दाव्यात ठरलं तर. रूळ ओलांडताना मेला तर घुसखोर, कवडी नाही. ज्या ठिकाणी पूल एका टोकाला आणि वस्ती दुसऱ्या टोकाला, तिथे रूळ ओलांडणारा हा घुसखोर! तो कुणाच्या घरात घुसला? स्वतःच्याच.

पुलावरून आठवलं. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड. आता त्याला प्रभादेवी म्हणतात. गिरण्या जाऊन ऑफिसं आली, माणसं कैक पटींनी वाढली, जिना तोच अरुंद राहिला. पाऊस आला, लोक जिन्यात अडकले, रेटारेटी झाली, तेवीस माणसं चिरडून मेली. मग काय झालं? लष्कर बोलावलं. २०१८ च्या फेब्रुवारीत नवीन पूल खुला. पाच महिने! म्हणजे पैसा होता, लोखंड होतं, हात होते. कमी होती ती तेवीस मढ्यांची. ती मिळाल्यावर पूल झाला.

नायतर बघा. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका ज्या टप्प्यातली, तो २००८ चा. ती पूर्ण झाली २०२२ च्या फेब्रुवारीत. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी २०१९ ला मंजूर. २०२५ सालीही काम चालूच होतं. आणि गोदीच्या शेजारून, शिवडीहून समुद्रात एकवीस किलोमीटरचा अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाला, सतरा हजार कोटींच्या वर खर्चून. त्यावर रिक्षा चालत नाही, मोटारसायकल चालत नाही. किनारी रस्ता झाला, चौदा हजार कोटींच्या घरात; त्यावरही दुचाकीला बंदी. त्याच शहरात बेस्टच्या बसगाड्या चार हजारांवरून तीन हजारांच्या खाली आल्या, आणि मे २०२५ मध्ये कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं. मोटारवाल्याला समुद्र बाजूला सारून वाट. चालणाऱ्याला बसथांब्यावर उभं राहून वाट बघणं. मराठीत दोन्हीला शब्द एकच आहे, वाट. आमची लागली ती तिसरी.

मग एसी लोकल. २५ डिसेंबर २०१७ ला पहिली धावली. लोक मला विचारतात, तू एसीच्या विरोधात का? मी गारव्याच्या विरोधात नाही. जहाजाच्या पोटातून पोलादाच्या कॉइलींखाली आठ तास काढून आलेल्याला गार हवा कडू लागत नाही. दार बंद होण्याच्याही विरोधात नाही. मुंब्र्यानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं लावू म्हणाले, जरूर लावा. मी विचारतो एवढंच : दार बंद झाल्यावर फलाटावर जे उरतील त्यांच्यासाठी पुढची गाडी किती मिनिटांनी? आणि तिचं तिकीट किती? साधी गाडी काढून तिच्याच वेळेला कैक पट भाड्याची एसी उभी केली तर दार सगळ्यांसाठी बंद झालेलं नाही. ते आमच्यासाठी बंद झालंय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या आणि बदलापूरच्या लोकांनी हे ओळखलं. रुळावर उतरले, स्टेशन मास्तरला घेरलं. आणि मध्य रेल्वेने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. लक्षात ठेवा, दहा. निवेदनाने एकही गेली नसती.

इथे एक नवी बातमी जोडा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की कारखान्यात दिवसाचे कामाचे तास नवावरून बारापर्यंत नेता येतील. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तसेच राहतील म्हणे. ते अठ्ठेचाळीस कुठनं आले? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात १९४२ ते ४६ मजूर खात्याचे मंत्री होते. त्या काळात घडलेल्या आणि १९४६ साली पास झालेल्या कारखाना दुरुस्ती कायद्यातून आले. आता माझा हिशोब पुढे न्या. बारा तास काम, चार तास गाडी. सोळा. राहिले आठ. त्या आठांत झोप, जेवण, आंघोळ, नळावरची रांग, पोराचं तोंड बघणं. पुस्तक कधी? मीटिंग कधी? ज्यांनी हा नियम केला त्यांनी दिवसाच्या चोवीस तासांतून कामाचे तास वजा केले आणि उरलेले माझे आहेत असं समजले. माझे ते कधीच नव्हते.

'प्रवास हा कामाचा भाग कसा?' असं मालकाचे वकील विचारतील. त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २०२५ च्या जुलैमधला निकाल दाखवा. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ साली पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत अपघातात मेला. न्यायालय म्हणालं, घरून कामावर जातानाचा अपघात, काम आणि वाट यांचा संबंध सिद्ध झाला, तर कामातलाच अपघात धरायचा. त्याच्या घरच्यांना हे ऐकायला बावीस वर्षं लागली. पण तत्त्व कबूल झालं. आता मी एकच पाऊल पुढे टाकतो : कामाच्या वाटेवर मेलो तर ती वाट कामाची, मग त्याच वाटेवर जिवंत असताना ती कुणाची? मेल्यावर मालक जबाबदार आणि जिवंतपणी मी एकटा?

आणि आता खास तुमच्यासाठी, जे हे मासिक वाचता त्यांच्यासाठी. चळवळ कशाने मेली याची मोठमोठी कारणं आपण देतो. गटबाजी, पुढारी, विकली गेलेली माणसं. सगळी खरी. पण एक कारण कुणी सांगत नाही. १९७२ साली पँथर उभी राहिली ती वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारातल्या खोल्यांतून, बीडीडी चाळींच्या जिन्यांवरून, कामाठीपुऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून. माणसं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती. रात्री दोनला निरोप गेला तर अडीचला शंभर जण जमायचे. आज बैठक आठला ठरते, माणसं नवाला येतात आणि साडेनवाला एकेक जण घड्याळ बघतो. अंबरनाथवाला उठतो, विरारवाला उठतो, पनवेलवाला उठतो. ठराव अर्धाच राहतो. शेवटच्या कर्जतने आपल्या जेवढ्या बैठका मोडल्या तेवढ्या पोलिसांनी मोडल्या नाहीत. आपल्याला वेशीबाहेर पांगवलंय, आणि पांगलेल्या माणसाला रात्र उरत नाही. रात्र नसेल तर चळवळ नाही. कविताही नाही. मी माझ्या कविता पासाच्या पाठीवर लिहितो. वहीला जागा लागते, हात मोकळा लागतो.

म्हणून मागण्या. निवेदनाच्या भाषेत नको, मोजून सांगतो.

एक : पासाचे पैसे मालकाने आणि कंत्राटदाराने भरायचे, आणि ठरावीक अंतरापलीकडच्या प्रवासाचा वेळ मजुरीत धरायचा. मजूर लांब राहतो त्याचा फायदा ज्याला होतो त्यानेच त्याची किंमत मोजायची.

दोन : गाडी रखडली त्या दिवशीचा खाडा बंद. स्टेशनच्या उशिराचा दाखला गेटावर चालला पाहिजे.

तीन : एक साधी फेरी काढून एक एसी, हा धंदा बंद. एसी पाहिजे तर साध्याच्या भाड्यात, सगळ्यांसाठी.

चार : कामाला जाता-येता रुळावर मेलेला प्रत्येक माणूस कामावर मेला असं नोंदवायचं. रोजच्या सातांची नोंद कामगार खात्यात झाली पाहिजे.

पाच : गिरण्यांची उरलेली जमीन, गोदीची रिकामी जमीन, तिच्यावर पहिला हक्क तिथे राबलेल्यांच्या घरांचा. जिथे घाम गाळला तिथे पाठ टेकायला जागा. क्रूझवाल्यांसाठी गोदीत टर्मिनल होतं, तर गोदीवाल्यासाठी खोली का होत नाही?

सहा : बारा तास मुळीच नाही. त्याच्यावर चर्चासुद्धा नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या मागण्या आणि आपण एवढीशी माणसं. ठीक आहे, मग लहानापासून सुरू करा. पुढच्या महिन्याचा पास काढाल तेव्हा रोज त्याच्या पाठीवर तास लिहा. मोबाइलवर पास असेल तर वहीत लिहा. किती वाजता घर सोडलं, किती वाजता गेटावर पोचलो, किती वाजता परत. महिनाअखेर बेरीज करा. वस्तीतल्या दहा जणांची करा, शंभर जणांची करा. आयाबहिणींची आधी करा, त्यांची बेरीज तुमच्यापेक्षा मोठी निघेल. आजपर्यंत आपले तास आपणच कधी मोजले नाहीत, म्हणून ते फुकट गेले. बेरजेचा तो कागद घेऊन मुकादमासमोर, मालकासमोर, आमदारासमोर उभे राहू. हात जोडून नाही. बिल घेऊन.

गावातली वेठ काही पाटलाला दया आली म्हणून थांबली नाही. एक दिवस सांगावा आला आणि ज्याने पळायचं तो जागचा हललाच नाही, तेव्हा थांबली.